सात मिलिमीटर

पाण्याचा घोट गिळताना पुष्पाबाईंच्या गळ्यातलं डोरलं किंचित वर चढतं, क्षणभर तिथंच थांबतं आणि मग आपल्या जागेवर येऊन बसतं. लग्न झाल्यापासून ते असंच वर-खाली होत आलं असणार, पण त्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. या उन्हाळ्यापासून मात्र त्यांनी फुलपात्र तोंडाला लावलं की शेजुळांच्या घरातली बोलणी मंदावायची आणि समोर असतील त्या सगळ्यांचे डोळे डोरल्याबरोबर वर जाऊन खाली यायचे.

आजही तेच झालं. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. चुलीपुढं बसून बसून पुष्पाबाईंना तहान लागली, त्यांनी घोट घेतला, आणि पुरण वाटणारी त्यांची थोरली सून प्रियदर्शनी हातातलं काम सोडून बघत राहिली.

"बाहेरून दिसत न्हाई गं ती," पुष्पाबाई म्हणाल्या. "पुरणात ध्यान दे."

"मी कुठं बघून राह्यले आत्याबाई," प्रियदर्शनी म्हणाली आणि लाल झाली.

गाठ खरोखरच दिसत नव्हती. हाताला लागतही नव्हती. वैशाखात पुष्पाबाईंना चक्कर आली म्हणून थोरला मुलगा कल्याण त्यांना जालन्याला घेऊन गेला होता. मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली. रक्तवाहिन्या उत्तम निघाल्या, आणि त्यांच्या शेजारी, थायरॉइडच्या उजव्या पाकळीत, सात मिलिमीटरचा एक काळसर ठिपका सापडला. सुई घालून तपासलं. कॅन्सर निघाला. चक्कर उन्हाची होती, ती ताक पिऊन गेली. ठिपका तेवढा राहिला.

संभाजीनगरच्या सर्जननं कागद, फिल्म सगळं शांतपणे पाहिलं आणि दोन रस्ते सांगितले. गाठ लहान आहे, ग्रंथीच्या आत आहे, श्वासनलिकेपासून आणि आवाजाच्या नसेपासून लांब आहे, मानेत दुसरीकडे काही नाही. अशा गाठी बहुतेकदा वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. तेव्हा दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत नजर ठेवायची, वाढली तर त्या वेळी ऑपरेशन करायचं, हा एक रस्ता. किंवा आत्ताच अर्धी ग्रंथी काढून टाकायची, हा दुसरा. त्यानं विषय बहुधा संपतो, पण आवाजाची नस त्याच वाटेनं जाते, थोडी जोखीम राहते, आणि पुढं कदाचित रोज गोळी. दोन्ही बरोबर आहेत, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुष्पाबाईंकडे वळवली.

"आजी, तुम्हाला काय वाटतं?"

पुष्पाबाईंनी पदर सावरला, तोंड उघडलं, तोवर कल्याण बोलून मोकळा झाला होता. ऑपरेशनच करू सर, आमच्या घरात थांबायची पद्धत नाही.

तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "महालक्ष्म्या होऊ द्या." देवाचं नाव काढलं की मुलगा वाद घालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आषाढात कल्याणनं विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. श्रावणात विचारलं, तेच. आता दोघी महालक्ष्म्या काठपदराच्या साड्या नेसून, डोक्यावर फुलोरा लटकवून ओसरीत उभ्या होत्या आणि पुष्पाबाईंकडे पुढं करायला सण उरला नव्हता. कल्याणनं सोमवारची तारीख घेऊन टाकली होती. काल जालन्याहून आल्यावर गाडीतून केळीचे खांब उतरवता उतरवता त्यानं ते सांगितलं, जसं काही तारीखही त्याच गाडीतून आली होती.

थांबायची पद्धत नाही, हे मात्र त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. शेजुळांच्या घराचं नाव मंठ्याच्या पंचक्रोशीत झालं ते मिरचीच्या बियाण्यावर, आणि बियाण्याचं नाव झालं ते पुष्पाबाईंच्या डोळ्यावर. जाळीच्या शेडमध्ये मिरचीचा संकर करायचा, बी कंपनीला द्यायचं. त्यात एक जरी भलतं झाड शिरलं तर सगळी मेहनत नापास. पहिल्या हंगामात कंपनीची माणसं शिकवायला आली, आणि दुसऱ्या हंगामापासून तीच माणसं दुसऱ्या शेतकऱ्यांना पुष्पाबाईंचा प्लॉट दाखवायला आणू लागली. त्या ओळीतून चालत जायच्या, पानाचा आकार, देठाचा रंग बघायच्या आणि बोट दाखवायच्या. त्यांच्या घरचं बी शुद्धतेच्या चाचणीत एकदाही परत आलं नाही. पुढं कल्याणनं जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं साफ करायचा कारखाना टाकला तेव्हा ऑफिसच्या भिंतीवर त्यानं आईचं वाक्य ठळक अक्षरांत रंगवून घेतलं: शंका आली की उपटा. खाली नाव, मातोश्री पुष्पाबाई शेजूळ. पाहुणे आले की तो त्यांना त्या भिंतीपुढं उभं करून फोटो काढतो. पुष्पाबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्वतःच्याच नावापुढं त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला होता. ती गोष्ट कल्याण अजून चारचौघांत सांगतो, आणि पुष्पाबाई प्रत्येक वेळी "पुरे" म्हणून ऐकत बसतात.

चुलीजवळ बेबीनंदा आंबील ढवळत होत्या. या पुष्पाबाईंच्या नणंद, अंबडकडं दिलेल्या, दर महालक्ष्म्यांना माहेरी येणाऱ्या. त्यांच्या गळ्यावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पांढरी, बारीक रेघ होती. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांचंही थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा पुष्पाबाईंच्या यजमानांनी, कारभारींनी, बहिणीला बैलगाडीत नाही तर थेट कंपनीच्या जीपमध्ये घालून नेलं आणि एका दिवसात निर्णय घेतला. बेबीनंदा वाचल्या. घरात ही गोष्ट पोथीसारखी सांगितली जाते. आवाज तेवढा घोगरा झाला तो झालाच.

"आवाजाचं काय घेऊन बसलात वहिनी," त्या आपल्या त्या आवाजात म्हणाल्या. "फोनवर बँकेची पोरगी मला सर म्हणती. कुणाला त्रास हाय? आमचे मालक तर म्हणत्यात, आता तू घरात असली की राखणदार ठेवायची गरज न्हाई."

प्रियदर्शनी हसली. पुष्पाबाईही हसल्या. बेबीनंदांनी पदर जरा मागं घेऊन ती पांढरी रेघ दाखवली. हा माझा हार, सोन्याचे सगळे दागिने सुनांना दिले तरी हा कुणी मागणार न्हाई, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग त्यांनी पळी झटकली आणि कल्याणचं बराबर आहे, जल्दी करून टाका, असा निकाल दिला.

पुष्पाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. नणंद तरी थांबा म्हणेल, अशी त्यांना आशा होती, आणि तीही मुलाच्या बाजूला गेली.

पंगत बसली तेव्हा दिवस कलला होता. देवीला नैवेद्य झाला, सोळा भाज्या, पडवळ घातलेली कढी, पुरणपोळ्या, सगळं पानांत आलं. कारभारी भिंतीशी, त्यांच्या उजव्या हाताला कल्याण, डाव्या हाताला धाकटा राधेश्याम, जो गावात राहून शेड सांभाळतो. कल्याणची मुलगी अर्पिता वाढायला. ती जालन्यात बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, आणि या घरात आजीनंतर बियाण्यावर खात्रीनं बोलणारी ती एकटीच.

कल्याणनं सोमवारचा बेत मांडला. गाडी सकाळी निघेल, आई आणि प्रियदर्शनी मागं बसतील, खोली घेतली आहे. भावाचं ऐकताना राधेश्याम मान हलवत होता. "भाऊ म्हणतो ते बराबर हाय," तो म्हणाला. "एकदाचं होऊन जाऊ द्या."

"काका, तुम्ही तरी," अर्पिता म्हणाली. कढीचं भांडं तिनं खाली ठेवलं. "पप्पा, डॉक्टरांनी दोन्ही चालतं म्हणून सांगितलं. तुम्ही एकच ऐकून आलात."

कल्याणनं आवाज चढवला नाही. तो चढवत नसे. त्यानं पोळीचा घास मोडता मोडता सांगितलं की कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर घरी येऊन पोळ्या खात बसणारे लोक वेगळे, आपण वेगळे. लोक विचारतात, आईचं काय केलं. त्यांना काय सांगायचं, ठेवलीय तशीच? आणि ठेवायचं कशाला? शंका आली की उपटा, हे कुणाचं वाक्य आहे? तुझ्या आजीचं. त्यावर अर्पितानं अभ्यास सांगायला सुरुवात केली. कुठल्या देशात किती लोकांवर किती वर्षं नजर ठेवली, शंभरात किती जणांची वाढली. आकडे एकामागून एक येत गेले, खरेच असणार, पण पंगतीतल्या कढीसारखे ते कुणाच्या पानात नीट पडेनात. कल्याण म्हणाला, त्या शंभरात तुझी आजी कितवी ते सांग. अर्पिता म्हणाली, ते सांगता येत नाही. मग झालं तर, कल्याण म्हणाला.

"झालं काय? आजीला यात ओढूच नका," अर्पिता चिडून म्हणाली. "तिला घाबरवून काय मिळणार? मी बोलते डॉक्टरांशी. मी ठरवते, तुम्ही..."

पुष्पाबाई पोळ्यांची परात घेऊन दारात उभ्या होत्या. ती त्यांनी हळूच पाटावर ठेवली.

"तो ठरवून राह्यला, तू ठरवून राह्यली," त्या म्हणाल्या. "बरंय. मी पोळ्या वाढते."

कल्याणनं पानात बघितलं. अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिनं कढीचं भांडं परत उचललं. पुष्पाबाईंनी खरंच सगळ्यांना एकेक पोळी वाढली, तूप घातलं, आणि हात धुऊन चपला घातल्या. सण असला तरी शेडमध्ये एकदा जायलाच हवं होतं. उद्या उमलणाऱ्या कळ्या आज संध्याकाळी तयार कराव्या लागतात. कळीला सण नसतो. राधेश्याम अर्ध्या जेवणावरून उठून त्यांच्या मागं निघाला.

शेडमध्ये जाळीतून गाळलेला, मऊ उजेड होता. सणामुळं बायका मोजक्याच आलेल्या. मादीच्या ओळींत, म्हणजे ज्या झाडांवर बी धरायचं त्यांत, त्या वाकून चिमट्यानं कळ्या उघडत होत्या आणि आतले पुंकेसर काढून टाकत होत्या, म्हणजे त्या फुलात स्वतःचे परागकण उरत नाहीत आणि सकाळी नराचे लावता येतात. पुष्पाबाई नेहमीप्रमाणं ओळीच्या टोकाला उभ्या राहिल्या. इथं आलं की त्यांची पाठ आपोआप ताठ होते. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी चुकलं तर त्या जागेवरून नाव घेऊन हाक मारतात आणि पलीकडच्या बांधावरचा माणूससुद्धा मान वर करतो.

त्या बायकांतल्या सोनूबाईनं हात वर केला. तिच्या ओळीत एका झाडाचं पान जरा रुंद वाटत होतं. उपटू का, तिनं विचारलं.

पुष्पाबाई वाकल्या. पान उलटून बघितलं, देठ बघितला, शेजारच्या झाडाशी ताडून बघितलं. थोडं रुंद होतं. पाणी जास्त मिळालं तरी होतं तसं.

"पट्टी बांध त्याला," त्या म्हणाल्या. "फळ धरू दे, मंग बघू."

सोनूबाईनं कमरेच्या पिशवीतून पिवळी पट्टी काढून बांधली आणि पुढच्या झाडाकडं वळली. पुष्पाबाईही वळल्या. तेवढ्यात राधेश्याम मागून म्हणाला, "आई, जालन्याच्या भिंतीवर तर दुसरंच लिवलंय."

तो गमतीनं म्हणाला होता. पण पुष्पाबाई ओळीच्या मधोमध थांबल्या.

भिंतीवर खोटं लिहिलं नव्हतं, अर्धं लिहिलं होतं. शंका आली की उपटा हा नियम नराच्या ओळीचा. नराची फुलं तोडून, सुकवून, परागकण एकाच वाटीत गोळा होतात. तिथं एक भलतं झाड राहिलं तर त्याचे कण सगळ्यांत मिसळतात, सकाळी बोटाबोटांनी शेडभर फुलांवर जातात, आणि मग जगातला कुणी ते वेचून काढू शकत नाही. म्हणून तिथं विचार नाही, उपटायचंच. मादीच्या ओळीत तसं नसतं. तिथल्या भलत्या झाडाचं वाईट त्याच्या स्वतःच्या फळात राहतं. फळं तोडायच्या आधी कधीही काढलं तरी तेवढंच नुकसान. म्हणून खात्री नसेल तर पट्टी बांधायची आणि दर फेरीला बघायचं. फक्त बघायचं चुकवायचं नाही. हे त्यांनी दोन्ही मुलांना शिकवलं होतं. एक कारखान्यात गेला आणि त्यानं नेता येईल तेवढंच नेलं. भिंतीवर छोटं वाक्य शोभतं. आणि ते वाचताना पुष्पाबाईंना इतकं बरं वाटलं होतं की उरलेलं अर्धं कुठं आहे, हे त्यांनीही कधी विचारलं नाही.

गळा म्हणजे मिरचीचं झाड नव्हे, हेही त्यांना कळत होतं. पट्टी बांधून राहिलेलं झाड उद्या कसंही निघालं तरी माणूस मरत नाही. पण विचारायचा प्रश्न कोणता, हे त्यांना आता कळलं होतं. चार महिने घरात वाद चालला होता तो गाठ चांगली की वाईट यावर. वाईट होती, त्यात वाद काय. विचारायचं होतं ते हे, की थांबलं आणि वाढली, तर मागाहून निस्तरता येतं का.

"तू जेवणावर बसून भाऊच्या बाजूनं बोलला," त्या राधेश्यामला म्हणाल्या.

राधेश्यामनं पायानं माती उकरली. त्याला खरं तर काहीच माहीत नव्हतं, असं तो म्हणाला. पण दर सहा महिन्याला तुझ्या गळ्यात काय निघालं म्हणून फोनची वाट बघायची, त्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे, असं वाटलं. मग थोड्या वेळानं, "तुला काय वाटतं, ते मात्र मी इचारलं न्हाई," असंही म्हणाला. घरातल्या कुणाकडून तरी हा प्रश्न यावा म्हणून त्या वैशाखापासून थांबल्या होत्या. आणि तो आला तो या लेकाकडून, ज्याला शाळेत मास्तरांनी कधी प्रश्नच विचारला नव्हता.

घरी परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा अर्पिताला बोलावलं. ती ओसरीच्या कडेला फुलोऱ्यातल्या पडलेल्या करंज्या गोळा करत होती. रडून झालं होतं.

"आकडे नको सांगू," पुष्पाबाई म्हणाल्या. "एकच सांग. आत्ता ठेवली आन् पुढं वाढली, मंग कापली, तर गुण तेवढाच येतो का? आन् माझ्या मनासारखं बोलू नको. जे माहीत न्हाई तेबी सांग."

अर्पितानं मनातल्या मनात एकेक गोष्ट ताडून पाहिली. प्रयोगशाळेत उगवलेली रोपं मोजताना ती असंच करत असावी. मग तिनं सावकाश सांगितलं. ज्यांच्यावर नजर ठेवली त्यांतल्या बहुतेकांची वाढली नाही. थोड्यांची वाढली, त्यांचं तेव्हा ऑपरेशन झालं, आणि तेही आधी केलेल्यांइतकेच बरे राहिले. तुझ्या वयात वाढायचा वेग सहसा कमी असतो. "पण तुझी वाढणार का नाही, हे कुणालाच आधी सांगता येत नाही, आजी. आणि एक तपासणी जरी आळसानं चुकवली तर सगळं मुसळ केरात. ते डॉक्टरांनीही बजावलंय. आणि..." ती अडखळली. "मघाशी मी चुकीचं बोलले."

"तुझा बाप तेच बोलतो. घराण्याचंच हाय," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातातली अर्धी करंजी घेऊन तोंडात टाकली. अर्पितानं त्यांच्या डोरल्याकडं बघितलं नाही. निदान बघायचं टाळलं.

दिवे लागले. हळदीकुंकवाला गावातल्या बायका यायच्या होत्या, त्याआधी घरचेच सगळे महालक्ष्म्यांपुढं बसले. कल्याण लाकडी खांबाला टेकून होता. बेबीनंदा वाती वळत होत्या. पुष्पाबाई मधोमध बसल्या आणि त्यांनी नणंदेला विचारलं, तुमची गाठ केवढी होती.

बेबीनंदांचा हात थांबला. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. पोथीतल्या गोष्टीत हा भाग कधी येत नसे.

"बाहेरून दिसायची," त्या म्हणाल्या. "सुपारीएवढी. आन् मानेत ह्या बाजूनं खाली सगळी गाठींची माळ पसरल्ती. डॉक्टर म्हणाले, आज न्हाई तर उद्या श्वास कोंडल." मग त्यांनी वात पुन्हा वळायला घेतली. सकाळी चुलीपाशी बोललेलं त्यांना आठवत असावं. "कल्याण, मला दुसरा रस्ताच नव्हता रे. कापलं म्हणून मी हितं बसलीय, आन् मला त्याचा अभिमान हाय. पण वहिनीला दोन रस्ते हायेत." त्या वळून पुष्पाबाईंना म्हणाल्या, "हार माझा हाय, वहिनी. उसना मागू नका."

कल्याण सरळ बसला. एकेक माणूस आपल्या बाजूनं उठून चाललंय, हे त्याला दिसत होतं. त्यानं राधेश्यामकडं बघितलं. राधेश्याम म्हणाला, मी मघाशी बोललो ते चुकलं, आईला काय वाटतं ते ऐकू. शेवटी कल्याण वडिलांकडं वळला. "दादा, तुम्ही सांगा. आत्याच्या वेळी तुम्हीच एका दिवसात ठरवलं होतं."

कारभारी कमी बोलणारे. दिवसभरात त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नव्हता. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"बेबी घाबरून गेल्ती. तिला बोलायचं भान नव्हतं, म्हणून मी बोललो," ते म्हणाले. "ही घाबरलेली दिसती का तुला? हिनं शेड उभं केलं तवा मला इचारलं न्हाई. आपला प्लॉट बघायला तालुक्यातून माणसं येत्यात, ती काय माझं तोंड बघायला न्हाई येत. मंग आता मी कशाला मधी बोलू?"

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस असं काही मनात धरून आहे, हे त्यांना आज कळत होतं, तेही चारचौघांत. त्यांना हसू आलं की काय आलं, ते पदराआड राहिलं.

कल्याण आईजवळ सरकला. बोलला तेव्हा त्याची जालन्याची भाषा गळून पडली होती. "आई, मला भेव वाटतं गं," तो म्हणाला. "कारखान्यात बसलो तरी ध्यान तुझ्यापाशी राहतं. ती गाठ तुझ्यात हाय हे मला सहनच होईना. लोकाचं मी उगंच म्हणलो. लोक गेले उडत."

एमआयडीसीत त्याच्या हाताखाली माणसं आहेत, दारात गाडी आहे, भिंतीवर आईचं नाव आहे. पुष्पाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हे पोरगं लहानपणी विंचू दिसला की आधी आईच्या पुढं येऊन उभं राहायचं आणि मग रडायचं. त्यांना त्याचा राग येईना.

"भेव मलाबी हाय," त्या म्हणाल्या. "पण भेवानं ठरवायचं न्हाई. भिंतीवर तू माझं नाव लिवलं, मला लई बरं वाटलं. आता मी इथं जिती बसलीय, तर मला इचार."

कल्याणनं विचारण्यासाठी मान वर केली, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. संभाजीनगरचं हॉस्पिटल. पलीकडची मुलगी घाईत होती, सोमवारची यादी करत होती. पेशंटनं रविवारी रात्रीनंतर काही खायचं नाही, सकाळी लवकर भरती व्हायचं, सरांनी खात्री करून घ्यायला सांगितलंय, येताय ना नक्की? आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. कल्याणनं सवयीनं तोंड उघडलं. मग ते मिटलं. बेबीनंदांची वात अर्धी वळून राहिली होती.

"मॅडम, एक मिनिट," तो म्हणाला. "पेशंटशीच बोला." आणि त्यानं फोन आईपुढं धरला.

पुष्पाबाईंनी तो घेतला. डोक्यावरचा पदर नीट केला, घसा साफ केला, आणि ज्या आवाजात त्या शेडच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारत, त्याच आवाजात, पण हळू, बोलल्या.

"हां ताई. मी पुष्पाबाई कारभारी शेजूळ बोलून राह्यले. पेशंट मीच हाय. डॉक्टरसाहेबांनी मला एक इचारलं होतं, त्याला उत्तर द्यायला मला येळ लागला, तेवढं त्यांना सांगा. सोमवारी मी येणार न्हाई. गाठ आत्ता कापायची न्हाई, नजर ठेवायची. तपासणीची पहिली तारीख आत्ताच द्या, माझा थोरला मुलगा घेऊन येईल, आन् एकबी चुकणार न्हाई. वाढलेली दिसली तर त्याच येळी मी स्वतः म्हणीन, कापा. आन् कुणी ठरवलं म्हणून साहेबांनी इचारलं, तर माझं नाव सांगा."